विकलेली बकरी

कवळीवाला कवळ्या बनवायचा म्हणून लोक त्याला कवळीवाला म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते न लिहिलेलं बरं. खोड्या काढण्यात अट्टल माणूस. पोस्टमनच्या पिशवीत त्याने एकदा चावी दिली की चावणारे खेळण्यातले दात सोडले होते आणि ती पिशवी गल्लीभर कटकट करत गेली. पन्नाशी उलटली, केस गेले, तरी कुठे शांतता दिसली की याची जीभ वळवळायला लागायची.

पण त्याची सगळ्यात गाजलेली खोडी त्याची आहे हे कोणाला म्हणजे कोणाला ठाऊक नव्हतं. आणि ते तसंच राहावं म्हणून तो अठरा वर्षं जिवाचं रान करत होता.

अठरा वर्षांपूर्वी त्याचा लाडका रॉक बँड गावात आला होता. गाणाऱ्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं, दोन वर्षांनी पहिल्यांदाच तो स्टेजवर उभा. दीड तास धुमाकूळ झाला. शेवटी ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या, गिटारी थांबल्या आणि गाणारा एकटाच माइकसमोर आला. कुठलं गाणं येणार ते सगळ्यांना माहीत होतं. वीस हजार माणसं, पण सुई पडली असती तरी ऐकू आली असती. पहिली ओळ आली. आवाज थरथरत होता, नव्याने चालायला लागलेल्या माणसाच्या पायांसारखा.

आणि बरोब्बर तिथे, मागून, कवळीवाल्याने बकरी काढली.

लांबलचक "म्यँऽऽऽ", आणि शेवटी एक उचकी. आधी आजूबाजूचे दहा हसले, मग शंभर, मग अख्खं मैदान. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा हशा. शेजारच्याने पाठीवर थाप मारली तेव्हा तो स्वतःही दात काढत होता. मग त्याला स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर गाणारा दिसला. गाणारा हसला, एक हात गळ्यावर ठेवला, मान लववली आणि आत निघून गेला. ते गाणं त्याने पुन्हा स्टेजवर कधी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी बँडच बंद पडला.

का केलं असेल? कारण असतं तर बरं झालं असतं. कारण नव्हतंच.

त्या दिवसापासून बकरी बंद. घरात त्याची थोरली बहीण होती, ताई. लहानपणी दोघं लपाछपी खेळायचे आणि घाबरला की हा बकरी काढायचा. ताई जिथे असेल तिथून उत्तरादाखल बकरी काढायची. मी इथे आहे, भिऊ नकोस. मोठेपणीही ते चालूच राहिलं. दारातून हा म्यँ, स्वयंपाकघरातून ती म्यँ. बकरी बंद झाल्यावर ताईने एकदा विचारलं, "धाकट्या, तुझी बकरी कुठे गेली रे?"

"विकली," तो म्हणाला.

"चांगला भाव आला का?"

"फुकटात गेली."

आता गंमत बघा. त्या कार्यक्रमाला गेलेली चार डोकी दर वर्षी त्या तारखेच्या आसपासच्या रविवारी सकाळी एकत्र जमायची, आणि जमायची कुठे, तर कवळीवाल्याच्याच कारखान्यात. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. फळीवर प्लास्टरचे जबडे रांगेत, मधे टेबल, टेबलावर चहा. स्टेजच्या जवळ जो उभा होता त्याने आधी आठवण सांगायची, असा नियम.

म्हणजे पहिल्या मास्तरीणबाई. त्या कठड्याला चिकटून होत्या आणि गिटारवाल्याच्या घामाचा थेंब त्यांच्या अंगावर उडाला होता. सुरुवातीची काही वर्षं तो मनगटावर पडला, मग दंडावर, आणि आता गालापर्यंत आला होता.

"पुढच्या वर्षी डोळ्यात जाईल, बाई," स्पीकरवाला म्हणायचा. तो स्वतः डाव्या खांबाजवळ होता, स्पीकरच्या तोंडाशी, आणि त्याच्या कानात अजून शिट्टी वाजायची. ती तो मेडल दाखवावं तशी सांगायचा. मग चष्म्याच्या दुकानाचा चष्मेवाला. तो मधोमध होता, बायकोबरोबर. तो थोडकंच बोलायचा. "ही डोळे मिटून उभी होती," म्हणायचा, "आणि मग ती बकरी आली." त्याची बायको या बैठकीला कधी आली नाही. तिला ऐकू येत नाही, गप्पांत काय बसणार, असं सगळ्यांनी धरून चालवलं होतं.

शेवटी कवळीवाला. "मी पार मागे होतो. खांब आडवा आला. मला काही दिसलं नाही." अठरा वर्षं हेच.

मग सगळे मिळून बकरीला शिव्या घालायचे.

"सापडला ना, तर दात पाडीन त्याचे," चष्मेवाला म्हणायचा.

"पाड की, मी नवीन बसवून देतो," कवळीवाला म्हणायचा. सगळे खो खो हसायचे, आणि हा पुन्हा सगळ्यांचे कप भरायचा.

यंदा स्पीकरवाला गाणी वाजवायचा एक डबा घेऊन आला. त्या दिवशी कोणीतरी चोरून केलेलं रेकॉर्डिंग त्याला मिळालं होतं आणि दोन महिने बसून त्याने ते साफ केलं होतं.

"आता बकरीच्या पोटातला चारासुद्धा ऐकू येईल," तो म्हणाला.

"शेवटचं नको लावूस," कवळीवाला म्हणाला. "उगाच डोकं फिरतं सगळ्यांचं."

"अरे, शेवटचंच तर लावायचंय."

लावलं. शांतता आली, अगदी तीच. पहिली ओळ आली. कवळीवाल्याने उगाचच एक जबडा उचलून फडक्याने पुसायला घेतला. मग बकरी आली, काचेसारखी स्वच्छ, शेवटच्या उचकीसकट.

आणि आतून, स्वयंपाकघरातून, उत्तर आलं.

"म्यँऽऽऽ."

ताई ओले हात पुसत दारात आली. चेहरा असा फुललेला, की कवळीवाल्याने तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"परत आणलीस होय रे, धाकट्या? मला वाटलं खरंच विकलीस."

स्पीकरवाल्याने बटण दाबून सगळं बंद केलं. मास्तरीणबाईंना आधी हसू फुटलं, मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. ताई एकेकाकडे बघत राहिली. "काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही, ताई," कवळीवाला म्हणाला. एखादी थाप सुचेल म्हणून तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा काही सुचलं नाही.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. गिऱ्हाइकाला नंबर लागतोय की नाही ते बघतात तसं.

"मंगळवारी खालच्या कवळीचं माप द्यायला यायचंय ना मी?"

"हो."

"येतो," चष्मेवाला म्हणाला, आणि कपातला चहा तसाच ठेवून गेला.

मंगळवारी तो खरंच आला. खुर्चीत बसला, तोंड उघडलं. कवळीवाल्याने मापाचा साचा गुलाबी लगद्याने भरला आणि तोंडात बसवला. लगदा घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही. असा मोका पुन्हा येणार नव्हता.

"मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही, मुद्दामच केलं. सगळे गप्प होते, मला राहवलं नाही. तो गाण्यात अडखळला आणि मला वाटलं, आता. बस, एवढंच. त्याने गळ्यावर हात ठेवला ना, तेव्हा कळलं. मग दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगू. तुम्ही सगळे माझ्याच चहावर मला शिव्या द्यायचात. मला वाटायचं, चला, तेवढीच फेड होतेय."

चष्मेवाल्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. त्याने हात वर केला. बोलण्याच्या नादात वेळ कधीच उलटून गेली होती आणि साच्याची पक्की पकड बसली होती. तो 'टॉक' करून निघाला तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, एकाच्या दुखलं म्हणून.

चष्मेवाल्याने चूळ भरली.

"तिचे कान तेव्हाच जायला लागले होते," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते, फार तर वर्षभर. तिकिटं त्या एका गाण्यासाठी काढली होती. माइकमधलं तिला ऐकू यायचं, मागचं काही नाही. पहिली ओळ ऐकली तिने. डोळे उघडले तर सगळे हसतायत आणि तो निघून चाललाय. मला विचारलं, काय झालं? बकरी म्हणून कसं सांगू? म्हटलं, त्याने काहीतरी जोक केला."

"मग?"

"मग काय. एकच ओळ म्हटली आणि त्याने आपल्या सगळ्यांची चेष्टा केली, असं तिने धरलं. त्याचं नाव काढू देत नाही घरात. म्हणून येत नाही ती आपल्याकडे, कळलं? कधीतरी विचारते, कुठला जोक होता हो? मी म्हणतो, विसरलो." तो उठला. "आता तू ये आणि सांग. मला नाही जमत."

"काय सांगू?"

"ते तू बघ. जोकांचा कारखाना तुझा आहे."

शनिवारी दुपारी कवळीवाला चष्मेवाल्याच्या घरी गेला. वाटेत त्याने तीन जोक जुळवून ठेवले होते, तिन्ही झकास. कुठलाही एक सांगितला असता, वहिनी हसल्या असत्या, सगळं मिटलं असतं. जिन्यात दोनदा मागे वळला. मग बेल दाबायला हात वर केला आणि आठवलं, बेल वाजवून काय उपयोग? तेवढ्यात चष्मेवाल्यानेच आतून दार उघडलं.

वहिनी खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांनी वही आणि पेन्सिल पुढे केली. लोक त्यांच्याशी असेच बोलायचे. कवळीवाल्याने पहिल्या जोकचा पहिला शब्द लिहिला. खोडला. दुसऱ्याचा लिहिला, तोही खोडला. शेवटी लिहिलं, 'जोक नव्हता. मागून कोणीतरी बकरीचा आवाज काढला, म्हणून तो गेला.' थोडं थांबून त्याने 'कोणीतरी' खोडलं आणि वर 'मी' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण तसंच राहू दिलं.

वहिनींनी वाचलं. पुन्हा वाचलं. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे त्याने चेष्टा नव्हती केली."

कवळीवाल्याने नाही अशी मान हलवली.

"तो गाणार होता."

त्याने मान खाली घातली.

"मी त्याच्या सगळ्या कॅसेट देऊन टाकल्या हो," त्या म्हणाल्या, नवऱ्याकडे बघत. "अजून ऐकू येत होतं तेव्हा." चष्मेवाला खिडकीबाहेर बघत होता. याच्याकडे बघण्यापेक्षा त्याला ते बरं वाटलं असावं.

कवळीवाल्याला वाटलं, त्यांनी शिव्या द्याव्यात, वही फेकून मारावी. वहिनींनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"भाऊजी, ते गाणं येतं तुम्हाला?"

येत होतं. काना-मात्रेसकट येत होतं, अठरा वर्षं डोक्यात दुसरं होतं काय? त्याने मान हलवली, आणि मग त्याला कळलं काय होणार आहे ते.

"म्हणा." त्यांनी दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली.

त्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो वळला नाही. कवळीवाल्याने घसा साफ केला आणि पहिली ओळ धरली. दिवसाउजेडी, बैठकीच्या खोलीत, बेसूर. ओळीच्या शेवटी त्याचा आवाज थरथरला आणि फाटला, थेट बकरीसारखा. तो थांबला.

कोणी हसलं नाही.

वहिनींनी बोटं तशीच ठेवली.

"पुढे," त्या म्हणाल्या.