पाणी आत आलं तो रविवार

मी एक पेटी बोलतेय. दागिन्यांची नव्हे आणि कपड्यांचीही नव्हे. कॅमेऱ्याला समुद्राच्या तळाशी घेऊन जाणारी, चहूबाजूंनी बंद, पुढे काचेची गोल खिडकी असलेली पेटी. कॅमेरा माझ्या पोटात कोरडा बसतो, भिजायचं काम तेवढं माझ्याकडे.

माझा जन्म कारखान्यातला. धातूच्या ठोकळ्यातून मला कोरून काढलं, तेही एकाच जातीच्या कॅमेऱ्याच्या मापानं. माझ्या झाकणाच्या कडेला एक खाच आहे आणि त्या खाचेत काळं रबराचं कडं. माझी सगळी अब्रू त्या कड्याच्या हाती. त्यावर वाळूचा कण जरी राहिला, तरी पाण्याला तेवढी वाट पुरते.

मला घरी आणलं बेबीनं. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी घरात ती बेबीच. पेशानं दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि रविवारी खडकांच्या फटीत, असा तिचा क्रम. पाठीवर हवेची टाकी बांधून ती खाली उतरायची आणि समुद्रातल्या गोगलगायींचे फोटो काढायची. या गोगलगायींना शंख नसतो. बोटाच्या पेराएवढा जीव, पण नटण्याची हौस दांडगी.

फोटो बेबी काढायची, पण गोगलगाय शोधायची तिची वहिनी. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणणाऱ्यांनी या दोघींना पाण्याखाली बघावं. "तिथं बोलता येत नाही ना, म्हणून पटतं," असं बेबीचा दादा म्हणायचा. दादाला पोहता येत नाही. तो बोटीत बसून चहा प्यायचा आणि बायको नि बहीण वर येईपर्यंत पाण्यावरची नजर हलवायचा नाही.

वहिनीची नजर मात्र भारी तेज होती. बेबी ज्या खडकावरून तीनदा फिरून यायची, तिथंच वहिनी बोट दाखवायची. मग गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध धूसर डाग, कडेचं तेवढं दिसायचं. बोलताना ती मान वळवून बघायची आणि नव्या माणसाला वाटायचं, बाई रागावल्या. पाण्याखालची गोगलगाय आता तिला दिसतच नव्हती. बेबीनं घरी येऊन फोटो टीव्हीवर मोठा केला, की मगच दिसायची.

त्या रविवारी बेबी बोटीत माझं कडं पुसत बसली होती. या कामाचा त्यांचा एक कायदा आहे. पेटी बंद होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. दादा चहाचा घोटसुद्धा आवाज न करता घ्यायचा. आणि नेमकी वहिनीच बोलली.

"बेबी, आजचं शेवटचं हं. टाकीत हवा किती उरली, तो काटाही मला वाचता येत नाही. तुझ्या जिवाला उगाच घोर."

"मी वाचीन की दोघींचे काटे."

"आज वाच. पुढच्या वेळी नको. आणि आज एक तरी माझी मला शोधू दे. तू बोट दाखवायचं नाहीस."

बेबीनं मनगटानं डोळे पुसले, केस मागे सारले आणि न बघताच माझं झाकण दाबलं. एक आखूड पांढरा केस कड्यावर आडवा राहिला. मला तो टोचत होता, पण माझं ऐकतं कोण!

खाली पाणी संथ होतं. वहिनी खडकाच्या कडेकडेनं, मान तिरकी करून, हळूहळू पुढे सरकत होती. बेबी दोघींचे काटे बघत मागून येत होती. बराच वेळ काहीच सापडलं नाही. मग एका कपारीपाशी वहिनी थबकली. कपारीच्या छताला पांढरी, वळ्यावळ्यांची फीत चिकटली होती. गोगलगायीची अंडी! ती वहिनीला दिसली. अंडी आहेत म्हणजे आई जवळपास असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आई काही दिसेना. तिनं बेबीकडे वळून दोन्ही हात पसरले. आहे का गं?

होती. जांभळी, नारिंगी काठाची, फितीच्या अगदी शेजारी. बेबीनं मान डोलावली. पण नुसत्या मान डोलावण्यावर वहिनीचं समाधान कसं व्हावं? तिला ती बघायची होती.

तेवढ्यात माझ्या आतला लाल दिवा लागला. पाणी आत आलं की तो लागतो. केसाच्या वाटेनं समुद्र थेंब थेंब माझ्या पोटात उतरत होता. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं, मी अगदी शरमून गेले. बेबीला दिवा दिसला. अशा वेळी काय करायचं, हे तिला पाठ होतं. काच खाली धरायची, म्हणजे पाणी काचेशी साठतं आणि कॅमेरा वाचतो. मग सावकाश वर निघायचं.

पण गोगलगाय छताला होती. तिचा फोटो हवा, तर काच वर करायला हवी, आणि काच वर केली की पाणी सरळ कॅमेऱ्याच्या अंगात.

बेबीनं एकदा वहिनीकडे बघितलं. ती आशेनं, मान वळवून, वाट बघत होती. बेबीनं मला उलटं केलं आणि काच वर धरून फोटो काढला. मग आणखी एक. तिसऱ्या वेळी कॅमेरा माझ्या पोटातच विझला. वाटेत थांबत थांबत त्या वर आल्या, तेवढा वेळ बेबीनं मला छातीशी धरलं होतं.

बोटीत झाकण उघडलं, तर पाणी भळाभळा सांडलं.

"वेडी आहेस का तू?" वहिनी ओरडली. "जिवापाड जपलेला कॅमेरा! दिवा लागल्यावर निघायचं ना!"

"मग तुला काय दाखवलं असतं?"

दादानं दोघींना चहा ओतून दिला.

कॅमेरा गेला, पण त्यातलं कार्ड गोड्या पाण्यात धुऊन वाळवल्यावर चाललं. संध्याकाळी टीव्हीवर ती जांभळी गोगलगाय भिंतभर झाली. वहिनी पडद्याला नाक लावून उभी राहिली. मान इकडून वळवली, तिकडून वळवली.

"आणि ही दुसरी कोण?" वहिनी म्हणाली.

"कुठली दुसरी?"

"अगं, फितीच्या मागे. ही काय, तांदळाएवढी."

बेबी चष्मा लावून पुढे आली. खरंच होती! पारदर्शक, इवलीशी. "मला खाली दिसलीच नाही गं," ती म्हणाली.

"आता डोळे कुणाचे तपासायचे?" दादानं विचारलं.

वहिनी हसली आणि हसता हसता रडली. मग हाताला आलेल्या उशीच्या अभ्र्यानं तोंड पुसून म्हणाली, "बेबी, तू खाली जात जा. फोटो काढून आण. मी इथं शोधीन."

आता बेबीकडे नवा कॅमेरा आहे आणि त्याची पेटीही नवी. माझ्या मापाचा कॅमेरा आता मिळत नाही, म्हणून मी कपाटावर रिकामी बसते. रविवारी संध्याकाळी इथून टीव्ही छान दिसतो. माझी एकच विनंती आहे, मला भंगारात देऊ नका. वहिनीला अजून खूप शोधायचंय आणि मला ते बघायचंय.