नसलेली पायरी

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांमागे जी गोल पोलादी कोठी पडली आहे ना, ती मी. आज लोक माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवतात. एके काळी मात्र माझ्या पोटातली हवासुद्धा पंप लावून काढून घेत, इतकी माझी बडदास्त होती.

माझा जन्म लेथवर झाला आणि उमेदीची सगळी वर्षे प्रोटॉन झेलण्यात गेली. वेगवर्धक यंत्रातून सुसाट आलेले प्रोटॉन माझ्या मधोमध टांगलेल्या बेरिलियमच्या पातळ पत्र्यावर आदळत आणि विखुरत. हलक्या अणुकेंद्रात ऊर्जेच्या पायऱ्या असतात. प्रोटॉनची ऊर्जा एखाद्या पायरीशी नेमकी जुळली, की विखुरण्याचे प्रमाण एकदम बदलते आणि आलेखात उंचवटा येतो. आमचे सर जन्मभर हे उंचवटे शोधत होते. तरुणपणी ते दर प्रयोगाआधी मला आतून स्पिरिटने पुसत. पुढे घाई वाढली. "पुसणं राहू दे गं, उद्या बघू," असे ते आपल्या विद्यार्थिनीला सांगू लागले. पंपातल्या तेलाची वाफ माझ्या अंगाला चिकटत राहिली. मला फार वाईट वाटे, पण सांगणार कोणाला?

सर निवृत्तीला आले आणि अचानक एक नवा उंचवटा दिसला! कोणालाच ठाऊक नसलेली पायरी! सर लहान मुलासारखे हसले. लेखही लिहून तयार झाला.

विद्यार्थिनीच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. तिने पत्रा बदलून पाहिला. मग जुना पत्रा चिमट्यात धरून ती सरांसमोर उभी राहिली. त्याच्या मधोमध मसुरीच्या दाण्याएवढा काळा डाग होता.

"सर, नव्या पत्र्यावर उंचवटा येतच नाही. जुन्यावर तो रोज वाढत होता."

सरांनी पत्रा उजेडात धरला. "कार्बन," ते म्हणाले. "तेलाच्या वाफेचा. प्रोटॉनच्या माऱ्याने पत्र्यावर साचलेला. उंचवटा त्याचाच, बेरिलियमचा नाहीच."

"लेख... पाठवायचा का, सर?" तिने विचारले.

"कशाला? ती पायरी मुळात नाहीच. दे ते फडकं इकडे."

त्यांनी बाह्या सावरल्या आणि मला स्वतः पुसले. मला रडता आले असते, तर मी रडले असते. निरोपाच्या दिवशी पुन्हा मोजणी झाली आणि उंचवट्याच्या जागी सपाट रेघ आली. तो आलेख सरांनी घडी न घालता, जपून गुंडाळी करून घरी नेला.

मित्रांनो, उपकरण वापरलेत की पुसून ठेवा. आमच्या अंगावरची घाण आम्हाला बोलून दाखवता येत नाही; ती तुमच्या उत्तरात जाऊन बसते.