नवा प्रोसेसर, जुना बोर्ड

प्रोसेसर नवा काढायचा आणि जुन्या बोर्डात तो बसूच द्यायचा नाही, ही लूट तुम्ही कंपनीवाल्यांनी दिवसाढवळ्या चालवली आहे.

शशिधर राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात आपला जुना बोर्ड घेऊन उभा होता. शिवाजी पेठेतल्या त्याच्या गेम पार्लरमध्ये दोन तालमींची, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघांची, पोरं कॉम्प्युटरवर फुटबॉल खेळायची. रविवारी ऐन गोलाच्या वेळी स्क्रीन अडकली. हरलेली तालीम बोंबलली, "शशीमामा, तुझं मशीन बी त्यांच्याच तालमीचं हाय की!" आता पुढची मॅच दुसऱ्याच्या पार्लरात ठरली होती. मशीन जोरात पळालं तरच पोरं परतणार होती.

"नवा प्रोसेसर ह्यात बसत न्हाय, पावणं. बोर्ड, रॅम, सगळंच नवं घ्या," दुकानदार म्हणाला.

"मग जुनं काय देव्हाऱ्यात ठेवू?"

शशिधरनं पैसे काढले, खिशात घातले, पुन्हा काढले. दारापर्यंत जाऊन तो परत आला. न घ्यावं तर पार्लर ओस, घ्यावं तर वर्षाची कमाई ह्याच काउंटरवर.

"घेतो," तो गरजला. "पर आधी कंपनीला फोन लावा. फुडला प्रोसेसर ह्या नव्या बोर्डात बसंल का न्हाय? व्हय का न्हाय, तेवढं बोला!"