एका नंबरावर एकतीस माणसं

विपुलसरांच्या केबिनमध्ये भिंतभर एक चित्र लावलेलं होतं. ते नेत्रा भोईरने काढलेलं होतं. रुग्ण दारातून आत आला की त्याचं पुढे काय काय होतं, हे त्यात दिसायचं. नोंदणीची चौकट, डॉक्टरांची चौकट, प्रयोगशाळेची चौकट, त्यांना जोडणारे बाण, वाट फुटते तिथे शंकरपाळ्याचा आकार आणि सगळ्यात शेवटी जाड काठाचं एक वर्तुळ. जाड काठ म्हणजे काम संपलं, प्रकरण बंद.

संख्याशास्त्रात बी.एस्सी. आणि मग माहिती-प्रणालीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून नेत्रा या ट्रस्टच्या रुग्णालयात लागली, तेव्हा इथे सगळं कागदावर चालायचं. तिने आठ महिने एकेका खिडकीपाशी बसून माणसं मोजली, मिनिटं मोजली आणि सगळा कारभार संगणकावर आणला. त्या चित्राकडे बघताना तिला अजूनही बरं वाटायचं. मंगळवारी दुपारी बारापर्यंत तरी वाटत होतं.

बाराला प्रयोगशाळेतली जोया हातमोजे काढत तिच्या टेबलाशी आली.

"नेत्रा, हा अरशद अन्सारी बघ जरा. थुंकीत टीबीचे जंतू आहेत. मीच तपासली, तेवीस दिवस झाले. आज सहज औषधाच्या खिडकीवर विचारलं, तर म्हणे असा कोणी आलाच नाही."

नेत्राने नाव टाकलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली. अहवाल तयार. संदेश पोहोचला. फेरतपासणी झाली. प्रकरण बंद.

"आला होता की. अकरा दिवसांपूर्वी. डॉक्टरांनी बघितलंय."

"काय दिलं?"

नेत्राने नोंद उघडली. उजवा गुडघा दुखतो. मलम.

"वा," जोया म्हणाली. "टीबीला मलम. नवीन शोध दिसतोय."

नेत्रा हसली नाही. तिने नोंदीचा इतिहास उघडला आणि तिचे कान तापले. ही एका माणसाची नोंद नव्हतीच. चौतीस वर्षांचा एक अरशद अन्सारी आणि सदतीस वर्षांचा दुसरा, दोघांनी एकच मोबाइल नंबर दिलेला. प्रणालीने दोघांना एकाखाली एक दडपून एक माणूस केला होता. एकाची थुंकी, दुसऱ्याचा गुडघा. गुडघेवाला तपासायला आला, प्रणालीला वाटलं खोकणारा आला, आणि तिने जाड काठाचं वर्तुळ ओढून टाकलं. सरकारकडे जाणारी टीबीची यादी उघड्या प्रकरणांतूनच निघायची, म्हणून त्या यादीतही हे नाव गेलं नव्हतं.

आणि दडपण्याचा नियम? नाव सारखं, आडनाव सारखं, मोबाइल सारखा, वयात पाच वर्षांच्या आतला फरक, तर माणूस एकच. तो नियम मार्चमध्ये नेत्रानेच लिहिला होता. लोक वय अंदाजाने सांगतात, म्हणून पाच वर्षांची सूट. किती हुशारीचं वाटलं होतं ते!

तिने तोच नंबर पूर्ण यादीत शोधला. त्या एका नंबरावर एकतीस माणसं निघाली.

"एवढं मोठं खानदान?" जोयाने वाकून बघितलं. मग ती थांबली. "अगं, हे खानदान नाही. ही बिशी आहे."

लूमवर काम करणारे परमुलखातले लोक जिथे महिन्याच्या बोलीवर दोन वेळा जेवतात, त्या खानावळीला भिवंडीत बिशी म्हणतात. हे नेत्राला माहीत नव्हतं असं नाही. ती इथलीच, वळ गावची. तिचे वडील बाळाराम तिथल्याच एका गोडाऊनमध्ये माल मोजायच्या ड्युटीवर. पण बिशीवाला माणूस नंबर कुणाचा देतो, हे तिने आठ महिन्यांत एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. तिने मिनिटं मोजली होती.

विपुलसर रुग्णालयाचे व्यवस्थापक. ते कधी आवाज चढवत नसत, आणि आज नेत्राला त्याचाच पहिल्यांदा राग आला.

"बस. पाणी घे," ते म्हणाले. "मला सांग, अशा किती नोंदी असतील?"

"नियमाने जोडलेल्या अकराशे. त्यातल्या चुकीच्या किती, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. सर, मी नियम आत्ता बंद करते."

"शुक्रवारी मानांकनाची समिती येतेय. आपली अठ्ठ्याण्णव टक्के प्रकरणं वेळेत बंद आहेत. आज तू अकराशे उघडशील, तर शुक्रवारी त्यांना काय दाखवू, लाल पडदा? सोमवारी शांतपणे करू."

"तो माणूस सहा दिवस आणखी खोकेल, सर. एका खोलीत आठ-आठ जण राहतात ते."

"तेवीस दिवस झालेच आहेत ना?" विपुलसर म्हणाले. मग त्यांनी पेनाने भिंतीकडे दाखवलं. "आणि हे बघ, आपण प्रोसेसनं चालतो. ही प्रोसेस मी नाही काढली. तू काढलीस."

नेत्राच्या तोंडाशी आलं ते छापण्यासारखं नव्हतं. ती उठली, आणि दार आपटायचं नाही असं ठरवूनही ते आपटलंच.

नोंदीतला बिशीचा पत्ता सांगून रिक्षात बसल्यावर तिला वडिलांचं बोलणं आठवलं. परवाच जेवताना ते कौतुकाने सांगत होते, "खोका हरवला ना, तर अर्ध्या तासात गावतो. न्हाय गावला तर सायब आमचा बाप काढतो." पंख्याचा खोका, चपलांचा खोका, पोरांच्या डायपरचा खोका. प्रत्येकावर आपापली पट्टी, प्रत्येकाची जागा ठाऊक. आणि थुंकीत जंतू असलेला जिवंत माणूस तेवीस दिवस बेपत्ता, तेही हिरव्या पट्टीखाली! तिने रिक्षाच्या दांडीवर मूठ हाणली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि न सांगता वेग वाढवला.

बिशी लूमच्या गल्लीत होती. दोन्ही बाजूंनी यंत्रांचा असा खडखडाट, की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागायचं. दारात खदीजाबी मोठ्या पातेल्यातली डाळ ढवळत होती. साठीची, भिवंडीतच जन्मलेली बाई. जेवणारे सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत.

"खाला, मी दवाखान्यातून आले. अरशद अन्सारी इथे जेवतात का?"

"कोणता? गुडघेवाला का खोकणारा?"

नेत्राच्या प्रणालीला जे तेवीस दिवसांत जमलं नव्हतं, ते खदीजाबीने डाळ ढवळता ढवळता केलं होतं.

"खोकणारा," ती म्हणाली. "त्यांचा रिपोर्ट आलाय. तुमच्या मोबाइलवर संदेश आला होता."

"आला ना!" खदीजाबीने पळी पातेल्यावर आपटली. "आपला रिपोर्ट तयार आहे, म्हणे. आपला म्हणजे कुणाचा? माझा? माझ्या नंबरावर चाळीस जण तुमच्याकडे जातात. यांचे मोबाइल लूमवर चालत नाहीत, बॅलन्स नसतो, चोरीला जातात, म्हणून माझा देतात. नाव लिहायला तुमचे हात मोडले होते काय?"

नाव नेत्रानेच काढायला लावलं होतं. रुग्णाचं गुपित राखलं पाहिजे, असं ती शिकली होती, आणि ते खोटंही नव्हतं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? जेवायच्या वेळी ओरडले, कुणाचा रिपोर्ट आलाय रे? गुडघेवाला उठला, माझाच असेल म्हणाला. जाऊन मलम घेऊन आला. मला वाटलं, झालं काम."

झालं काम. जाड काठाचं वर्तुळ.

"ते आत्ता जेवायला येतील?"

खदीजाबीने मागच्या भिंतीकडे हनुवटी उडवली. तिथे खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला. बिल्ल्यावर रंगाने कुणाचं नाव, कुणाचं नुसतं चित्र. एकावर मासा, एकावर पतंग. जेवून गेलेला माणूस जाताना आपला बिल्ला उलटा करून जायचा. जेवणं संपली की खदीजाबी ते पुन्हा सरळ करायची.

"ज्याचा बिल्ला दोन जेवणं सरळच राहिला, त्याच्या खोलीवर मी माणूस पाठवते," ती म्हणाली. "मुलुखाला गेला असेल तर ठीक. आजारी असेल तर खिचडी पाठवते. वीस वर्षं झाली, माझा एक माणूस हरवला नाही. हा पतंगवाला तुझा अरशद. पाच दिवस खिचडीवर आहे." मग तिने नेत्राकडे नीट बघितलं. "छातीचा आजार आहे ना? नको सांगूस, मी विचारत पण नाही. चल."

तिने गॅस बारीक केला, डोक्यावर ओढणी घेतली आणि चालू लागली.

खोली दोन गल्ल्या पलीकडे, माळ्यावर होती. दिवसपाळीचे कामावर गेलेले, रातपाळीचे तिघे ओळीने झोपलेले आणि भिंतीला टेकून बसलेला अरशद. गालांची हाडं वर आलेली. शेजारी खिचडीचं ताट, अर्धं.

"अरशद, ये मॅडम अस्पताल से आयी है," खदीजाबी म्हणाली.

तो चटकन सावरून बसला. "मेरा तो कुछ नहीं निकला था ना, मॅडम?"

"किसने बोला?"

"किसी ने नहीं बोला. इसीलिए. रिपोर्ट में कुछ होता तो आप लोग बुलाते ना?"

तो चिडला असता, त्याने शिव्या दिल्या असत्या, तर नेत्राला सोपं गेलं असतं. पण याने विश्वास ठेवला होता. तिच्या चित्रावर, त्यातल्या प्रत्येक बाणावर.

"चलो," ती एवढंच म्हणाली. जोयाने निघताना हातात कोंबलेल्या मास्कांपैकी एक तिने त्याला दिला, एक स्वतः लावला, एक खदीजाबीला दिला. "तुम्ही नाही आलात तरी चालेल, खाला."

"तुमच्या भरवशावर सोडू होय?" खदीजाबी म्हणाली आणि सगळ्यात आधी रिक्षात जाऊन बसली.

साडेतीनला ते रुग्णालयात पोचले. डॉक्टर होते, औषधं होती. पण औषधाच्या खिडकीवर चिठ्ठी लागते आणि चिठ्ठी प्रणालीतून निघते. खिडकीवरच्या मनोजने नंबर टाकला, मान हलवली.

"निघत नाही, मॅडम. प्रकरण बंद दाखवतंय. बंद असेल तर औषध देता येत नाही. तुम्हीच तर ट्रेनिंग दिलं होतं."

रांगेतलं कोणीतरी फिदीफिदी हसलं. "अरे, कंप्युटर बोलता है तू ठीक हो गया! जा घर, मिठाई बाँट."

अरशद खरंच मागे वळायला लागला.

तेव्हा नेत्राचा तोल गेला. ती मनोजला म्हणाली, "ऊठ." तिथेच, त्याच्या खुर्चीत, रांगेसमोर बसून तिने आपला पासवर्ड टाकला. नियमाच्या पानावर गेली. नोंदी पुसलेल्या नव्हत्या, नुसत्या एकाखाली एक दडपलेल्या होत्या. नियम बंद केला की त्या सुट्या होणार होत्या. 'आपली खात्री आहे का?' असं प्रणालीने विचारलं. हे विचारायलाही तिनेच शिकवलं होतं. तिने कळ दाबली.

पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. अकराशे सत्तेचाळीस प्रकरणं उघडी. आणि चौतीस वर्षांचा अरशद अन्सारी, वेगळा, एकटा, लाल.

"काढ चिठ्ठी," ती मनोजला म्हणाली.

चिठ्ठी निघाली. अरशदला घेऊन जोया डॉक्टरांकडे गेली. तोवर विपुलसर खाली आले होते. त्यांच्या केबिनमधला पडदाही लाल झाला असणार.

"तुला कळतंय काय केलंस ते?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

"हो, सर. बंद केलेलं उघडलं."

"शुक्रवार—"

"शुक्रवारी समितीला मी सांगेन. माझा नियम चुकला, हेही सांगेन. पण तेवीस दिवस तो माणूस ठणठणीत होता, असं दाखवायला मी काही लिहून देणार नाही."

विपुलसरांनी रांगेकडे बघितलं. रांगेतली माणसं मजा बघत होती आणि एकेक करून गंभीर होत होती. ते हळू आवाजात म्हणाले, "सहा वाजता तुझा पासवर्ड बंद होईल. मग कोणी दुसरं हे निस्तरेल."

"सहाला अजून दोन तास आहेत," नेत्रा म्हणाली.

एकाच नंबरावर पाचपेक्षा जास्त माणसं असलेल्या नोंदी तिने काढल्या. असे अडुसष्ट नंबर होते. म्हणजे अडुसष्ट बिश्या, खोल्या, मुकादम आणि देव जाणे काय काय. सगळ्यात वर खदीजाबीचा नंबर. तिने ते पान छापलं. त्यात एकतीस नावं होती, फक्त नावं आणि वयं. आजार तिने काढून टाकले.

खदीजाबी बाकावर बसली होती. नेत्राने कागद तिच्या पुढे धरला, पेन दिलं.

"खाला, यातलं कोण कुठे आहे?"

खदीजाबीने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत लावला. "हा मुलुखाला गेला. हा आहे, दिवसपाळीला. हे दोघं वेगळे, तुम्ही एक केले काय? एक काळा, एक गोरा, डोळे नाहीत तुमच्या मशीनला." पेन खाली सरकत होतं. एका नावावर ते थांबलं. "हा माशाच्या बिल्ल्याचा. याचं काय निघालं?"

नेत्राने पडद्याकडे बघितलं. लाल ओळ. अहवाल एकोणीस दिवसांपूर्वीचा.

"ते त्यांनाच सांगेन," ती म्हणाली. "पण आज सांगेन. घेऊन याल?"

खदीजाबी उठली. जाता जाता ती विपुलसरांच्या समोर थांबली आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "तुम्ही जेवता कुठे हो? तुम्ही हरवलात तर कोण शोधायला येतं?"

उत्तराची वाट न बघता ती बाहेर पडली. नेत्राने घड्याळ बघितलं, चार वाजून दहा. तिने दुसऱ्या नंबरावरची नावं छापायला दिली आणि फोन उचलला.