आजोबांचा वाटा

"जनुकांच्या तपासणीचा अहवाल आला बरं का," डोळ्यांचे डॉक्टर खुशीत म्हणाले. "चिंगीचा नंबर भराभर का वाढतोय ते कळलं. मूळ रक्तातच आहे. आता तिच्या मापाने थेंब देऊ. शिवाय रोज उजेडात भरपूर खेळायचं. नंबराला लगाम बसेल."

"आणि जवळून वाचणं?" चिंगीच्या आईने विचारलं.

"त्याचाही थोडा हात असतो, पण हिच्या बाबतीत तो लिंबूटिंबू."

आईच्या कपाळावरची शीर उडाली. मागच्या वर्षी याच खोलीत याच डॉक्टरांनी तिच्या बाबांना ऐकवलं होतं, "आजोबा, नातीला शिकवताय की आंधळी करताय?"

बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. निवृत्तीनंतरही सवय सुटेना. आजोबा आणि नात एकाच कागदाला नाक टेकवून छापील चुका शोधायचे. ज्याला आधी सापडेल त्याने दुसऱ्याचा कान ओढायचा. बाबांचे कान कायम लाल. त्या दिवशी ते नुसते हसले आणि घरी येऊन सगळे कागद माळ्यावर टाकले. चिंगी कागद घेऊन आली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. गेल्या महिन्यात गेले, तेही "पोरीचे डोळे मी घालवले" म्हणत. चिंगीने ते ऐकलं होतं. तेव्हापासून तिने पुस्तकाला हात लावला नव्हता.

"मग माझ्या बाबांना तसं का बोललात?"

"अहो, गमतीत. आणि तेव्हा आपण ही तपासणी कुठे केली होती?"

"नव्हती केली, तर माहीत नाही म्हणायचं. तेवढं म्हणायला यंत्र लागत नाही."

डॉक्टरांनी अहवाल मिटला. "चुकलं माझं, ताई."

"मला नको. तिला सांगा."

त्यांनी स्टूल चिंगीकडे वळवलं. "बाळा, तुझा नंबर आजोबांमुळे वाढला नाही. मी उगाच बोललो होतो."

चिंगीने चष्मा नाकावर वर ढकलला. "मग त्यांना का नाही सांगितलंत?"

डॉक्टरांनी स्टूल पुन्हा टेबलाकडे वळवलं. आईला त्यांची दया येऊ शकली असती. आली नाही.

घरी येताच तिने स्टुलावर चढून माळ्यावरचा गठ्ठा खाली काढला. दोघी दाराबाहेरच्या पायरीवर उन्हात बसल्या.

"लांब धर," आई म्हणाली. चिंगीने कागद हातभर लांब धरला, ओठ हलवत ओळीमागून ओळ उतरत गेली आणि एका जागी थांबली. मग तिने आईचा कान धरून चांगलाच पिळला.

"तुझा लाल होत नाही," ती म्हणाली.

"अजून ओढ," आई म्हणाली.