सातशे फंक्शन्स

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात डेटाबेस सांभाळणाऱ्या ताई शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी आलेल्या तरुणाने सोमवारच्या बैठकीतच साहेबांसमोर शहाणपणा पाजळला. ताईंनी डेटाबेसमध्ये सातशे फंक्शन्सची, म्हणजे तयार ठेवलेल्या छोट्या आज्ञांची, अडगळ जमवलीय, त्यांचं त्यांना तरी आठवत असेल का, असं म्हणाला. सगळे हसले. ताईही हसल्या. "साफ कर की बाबा. पण आधी कुणाची आहेत ते विचार."

कुणाला विचारायचं, हे काही त्याने विचारलं नाही.

बुधवारी त्याने पहिलं फंक्शन पुसायला घेतलं, तर डेटाबेस अडला. हे नकाशाच्या एक्स्टेन्शनचं, म्हणजे डेटाबेसला जोडलेल्या तयार पुरवणीचं आहे, हवं तर एक्स्टेन्शनच काढा, असा निरोप आला. त्याला वाटलं, एका दगडात सातशे पक्षी. तेही निघेना, तेव्हा त्यावर काय काय अवलंबून आहे याची निरोपाखालची यादी न वाचताच त्याने अवलंबून असलेलं सगळं काढण्याचा हुकूम जोडला.

अकराला फिटरचा फोन आला. शाळेसमोरचा पाइप फुटलाय, गुडघाभर पाण्यात उभा आहे, व्हॉल्व्ह नकाशावर दिसत नाही. एकही दिसत नव्हता. एक्स्टेन्शनबरोबर व्हॉल्व्हच्या जागांचा अख्खा कॉलम गेला होता.

साहेब तडक ताईंच्या टेबलाशी आले. जाता जाता हा काय घोळ घालून ठेवलात, म्हणाले. तो दोन हात अंतरावर उभा होता. त्याने नजर पडद्याकडे वळवली. ताईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि फिटरला फोन लावला.

"शाळेचं फाटक पाठीशी घे. डावीकडे नऊ पावलं. फरशीखाली आहे बघ."

पाणी थांबलं. पहाटेच्या बॅकअपवरून दुपारी नकाशा परत उभा राहिला. मग ताईंनी त्याला जवळ बसवून डेटाबेसला एका ओळीची आज्ञा दिली. एक्स्टेन्शनच्या मालकीचं जे जे होतं, ते नावानिशी पडद्यावर उतरलं. सातशेपैकी एकही ताईंचं नव्हतं.

"मला नाही, या डेटाबेसलाच विचारायचं होतं," ताई म्हणाल्या.

तो उठून साहेबांच्या खोलीत गेला. घोळ माझा, ताईंचा नाही, एवढं कसंबसं बोलला.

साहेबांनी चष्मा काढला. "त्या तर म्हणाल्या, पोराला नीट शिकवायचं माझ्याकडूनच राहिलं."

तो दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"उद्या बैठक घ्या, साहेब," तो म्हणाला. "सोमवारी हसले होते, त्या सगळ्यांना बोलवा."