घाटात कोणता गिअर

पिकअप दुसऱ्याच वळणावर बंद पडली आणि मागे घसरू लागली. प्रेरणाने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागची सोयाबीनची पोती धपकन एकमेकांवर आदळली.

"हँडब्रेक वढ," शेजारी बसलेले बाबा म्हणाले. आवाज शांत होता; फक्त शब्द जड येत होते, तोंडात तंबाखूचा खर्रा असल्यासारखे.

तिचे बाबा, धम्मरत्न, अठरा वर्षं हा घाट चढत-उतरत आले होते. अर्ध्या तासापूर्वी, भर दुपारी, सोयाबीनच्या ढिगात हात घालताना त्यांना नागाने डसलं. प्रेरणाची आई, शीला, घाटंजीच्या बाजाराला गेलेली. घाटापलीकडच्या दवाखान्यातून अँब्युलन्स यायला तास लागणार होता. ते स्वतःच स्टीअरिंगवर बसले, पण गाव ओलांडायच्या आत थांबले. "मले दोन रस्ते दिसून राह्यले," म्हणाले आणि तिच्यासाठी जागा सोडली. प्रेरणाने आजवर गाडी चालवली होती ती शेताच्या सपाट वाटेवर, तीही चार-दोनदा.

"तिसऱ्यात चढत नसते वं. भरली गाडी हाय. पहिला टाक. क्लच हळू सोड. गाडी थरथरली का मंग हँडब्रेक सोड."

तिने सोडला. गाडी आचका देऊन पुन्हा बंद पडली आणि हातभर मागे गेली. आरशात कठड्याचा तुटका दगड दिसला, त्यापलीकडे काहीच नव्हतं.

"बाबा, नाही जमत मले!"

"जमते. डोळे पूस. पुन्हा कर."

या वेळी पाय अर्ध्यावर आला तशी गाडी खालून कापू लागली. तिने हँडब्रेक सोडला. पिकअप वर सरकली.

"आता आयक. इंजिन दम टाकून राह्यलं का?"

"नाही."

"मंग दुसरा टाक. अन् समोर चढ दिसला का आधीच गिअर उतरव. गाडी दमायची वाट पाहू नको."

पुढच्या वळणाला ते तिला उमगलं. आवाज घोगरा व्हायच्या आधीच तिचा हात गिअरवर गेला. तेवढ्यात तिने बाजूला पाहिलं. बाबांच्या पापण्या मिटल्या होत्या, हनुवटी छातीला लागली होती.

"बाबा! कोणता गिअर?"

"दुस...रा."

दुसरा तर तिने टाकलाही होता. तरी पुढच्या वळणावर तिने पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. उत्तर दर वेळी जरा उशिरा येत होतं, आणि ते येईपर्यंत ती स्वतःचा श्वास धरून ठेवत होती.

शेवटचं वळण सगळ्यात उभं. डांबर वाहून गेलेलं, नुसती गिट्टी.

"बाबा, कोणता?"

इंजिनाची घरघर तेवढी होती.

"बाबा, सांगा ना!"

"...तिसरा."

गिअरवरचा तिचा हात थबकला. बाबांच्या ओठांच्या कडेने लाळ ओघळत होती.

"हो बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "तिसराच टाकला." आणि तिने पहिला टाकला.

चाकांखालून गिट्टी उडाली. पिकअप किंचाळत, कण्हत, एकेक हात चढली आणि माथ्यावर आली. पुढे अकरा किलोमीटर सरळ रस्ता होता. ती विचारत राहिली. एकदाही उत्तर आलं नाही.

दवाखान्याच्या दारात लोकांनी बाबांना उचलून नेलं. प्रेरणाचा डावा पाय क्लचवरून निघेना. कुणीतरी खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

चार दिवस श्वासाची नळी होती. पाचव्या दिवशी ती काढली, सहाव्या दिवशी बाबा बोलले. शीला खाली औषधं आणायला गेली होती.

"पापण्या उचलत नव्हत्या," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पण आयकू सारं येत होतं. वरच्या वळणावर तू पहिला टाकला."

प्रेरणा चादरीच्या सुरकुत्या सारखी करू लागली. "तुम्ही तिसरा सांगतला होता."

बाबांनी मान तिच्याकडे वळवली.

"तुले तं माईत होतं," ते म्हणाले. "मंग दर वळणावर मले कायले इचारत होती वं?"

तिने उशाजवळचा ग्लास उचलला. तो काठोकाठ भरलेला होता. तो घेऊन ती पाणी आणायला बाहेर गेली.